धोंडाबाईचा जावई

भांडण मी भिंतीतून ऐकलं, मुद्दाम नाही. सातपूरला आमच्या कॉलनीत दोन घरांमधली भिंत एका विटेची होती. तिकडे कुणी जांभई दिली तर इकडे आम्हाला यायची. सुट्टीची दुपार होती, मी तांदूळ निवडत बसले होते. पलीकडे सहादूभाऊंकडे त्यांच्या कारखान्याचे फोरमन आले होते, लहानूभाऊ. नाव लहानू, पण दारातून आत येताना माणूस आडवा व्हायचा. आवाजही त्या मापाचा.

"अकरा महिने झाले फोरमनसाहेब," सहादूभाऊ म्हणत होते. "अकरा महिन्यांत एक दिवस तुम्ही तिला थांबू दिलं नाय."

"थांबून काय करणार ती? पाय पसरून बसणार?"

"अंगाला हात लावून बघा. चटका बसतो. सांधे वाजतात, उठताबसता कण्हते. बुधवारी मधीच बसली ती उठंचना."

"नाटक असतं म्हातारीचं. मी लाथ घातली एक, लागली कामाला."

मी सूप खाली ठेवलं.

"धोंडाबाईला लाथ घातली तुम्ही?"

"मग काय ओवाळू तिला? तुला सासूचा एवढा पुळका असंल तर घरी घेऊन ये."

"आणली असती. दारातून मावत नाय म्हणून."

पुढचं मला ऐकवलं नाही. सासू म्हणजे सुलाबाईची आई. सुलाबाई ही सहादूभाऊंची बायको, माझ्याशी नळावरची मैत्री. तिच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण दारात मावत नाही म्हणजे बाई अंगानं भरलेली असणार आणि पायांवर सूज असणार, एवढं मी मनात ठरवून टाकलं. त्या बाईला हा फोरमन आपल्या घरी राबवतो, ताप असला तरी सोडत नाही, वर लाथ घालतो. रात्रभर... नाही, खोटं कशाला सांगू, झोप लागली मला. पण सकाळी उठल्या उठल्या पहिली आठवण धोंडाबाईंची आली.

त्या दिवशी संकष्टी होती. मी साबुदाण्याची खिचडी जरा जास्तच केली, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं आणि डबा घेऊन शेजारी गेले. सुलाबाई नळावर होती. सहादूभाऊ सायकल बाहेर काढत होते.

"हे धोंडाबाईंना द्या," मी म्हटलं. "म्हाताऱ्या बाईचा उपवास असेल. गरम आहे तोवर खाऊ घाला. आणि म्हणावं, तिथे फारच छळ होत असेल तर सरळ आमच्याकडे येऊन राहा. आमचं दार त्यांना पुरेल, हे उन्हाळ्यातच चौकट मोठी करून घेणारेत."

सहादूभाऊंनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "सांगतो वहिनी," म्हणाले, डबा हँडलला अडकवला आणि गेले.

सुलाबाई हंडा घेऊन आली तेव्हा मी तिचा हात धरला. "आईचे एवढे हाल चाललेत आणि मला बोलली नाहीस?"

"माझ्या आईचे?" ती म्हणाली. "ती निफाडला हे. परवाच तिनं सुनेला माहेरी धाडलं. हाल बघायचे तर त्या पोरीचे बघा."

मग तिनं मला धोंडाबाई कोण ते सांगितलं. सांगताना हंडा खाली ठेवावा लागला तिला, इतकी हसली.

धोंडाबाई म्हणजे प्रेस. शंभर टनांची मशीन. खाली पत्र्याची चकती ठेवायची, पायानं पेडल दाबायचं, की वरून धप्पकन येऊन चकतीची वाटी करते. मोटारीच्या दिव्यामागे असते ती वाटी. ही मशीन कारखान्यात आली ती धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात. धोंड्यात जन्मलेल्या मुलीचं नाव धोंडाबाई ठेवायची आपली रीतच, म्हणून लहानूभाऊंनी नारळ फोडता फोडता मशीनचं नाव धोंडाबाई ठेवलं. सहादूभाऊ तिचे पहिले ऑपरेटर.

त्याआधी ते लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवायचे. दाभण घेतला की गोणीचं तोंड दहा टाक्यांत बंद. हात इतका चालायचा. त्यातल्या डाव्या हाताची दीड बोटं धोंडाबाईनं नेली. एकदा दाबलं की एकदाच यायचं, हा मशीनचा धर्म. त्या दिवशी ती एकदा आली आणि कुणी न बोलावता दुसऱ्यांदा आली. कारखान्यात त्याला 'डबल मारला' म्हणतात. लहानूभाऊच त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेले. सायकलच्या दांडीवर बसवून नेलं म्हणे, एवढ्या मोठ्या माणसानं. पण हे बरे होऊन परत आल्यावर लहानूभाऊंचं पहिलं वाक्य काय, तर "सासूनं जावयाकडून हुंडा घेतला, दीड बोट." तेव्हापासून सहादूभाऊ धोंडाबाईचे जावई झाले. सगळा कारखाना त्यांना जावईबापू म्हणायचा.

जावईबापूंना मग बसायचं काम मिळालं. टेबल, खुर्ची आणि भिंतीएवढा एक कागद. कामाचं नाव मेंटेनन्सचं प्लॅनिंग. मी एकदा विचारलं होतं, म्हणजे नेमकं करता काय?

"मशीन मोडायच्या आधी ती कधी उघडायची, ते ठरवतो."

"आणि मोडल्यावर?"

"मोडल्यावर फिटरला बोलवतात, दुरुस्तीला. मलाबी बोलवतात, शिव्या द्यायला."

त्या कागदावर त्यांनी प्रत्येक मशीनला चौकोन पाडले होते. हिरवा रंग म्हणजे तेलपाणी, लाल रंग म्हणजे पूर्ण उघडायचं. रंग त्यांनी पोरांच्या शाळेतल्या पेटीतून आणले होते. कागद दिसायला फार छान होता, दिवाळीत भिंतीला लावावा असा. आणि दर महिन्याला लहानूभाऊ येऊन लाल चौकोनावर पेननं लिहायचे, 'पुढच्या महिन्यात'. त्यांचंही बरोबर असणार. माल बाहेर पडला नाही तर त्यांना वरून बोलणी. मशीन चालू असताना थांबवणं म्हणजे त्यांना जेवत्या ताटावरून उठवल्यासारखं वाटायचं.

सहादूभाऊंच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली होती, आणि ती म्हणजे केरू. सहादूभाऊंनंतर धोंडाबाईवर हा केरू आला. देवभोळा, लाजाळू, नुकतं लग्न झालेलं. त्याची दहाच्या दहा बोटं रोज घरी गेली पाहिजेत, बाकी कारखान्याचं काय व्हायचं ते होवो. हे ते बोलून दाखवायचे नाहीत. पण रोज संध्याकाळी सुटताना प्रेसपाशी जाऊन म्हणायचे, "दाखव." केरू दोन्ही पंजे पुढे करायचा. हे मोजायचे, दहा, आणि सायकल काढायचे. लोक हसायचे. जावई सासूची झडती घेतो म्हणायचे.

तर त्या संकष्टीला माझी खिचडी कारखान्यात गेली. पुढचं मला केरूनंच नंतर सांगितलं. सहादूभाऊंनी डबा धोंडाबाईच्या मुठीला टांगला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहून ठेवलं, 'धोंडाबाईचा आज उपवास आहे. फराळ आलेला आहे.' थट्टाच करायची होती त्यांना, लहानूभाऊंची. पण केरूनं ते वाचलं आणि पेडलवरचा पाय मागे घेतला.

लहानूभाऊ आले. "काय रे, मशीन का बंद?"

"उपवासाच्या बाईला कामाला जुंपायचं नाय, आई सांगते माझी."

"केरू, बाई नाय ती. लोखंड हे."

"नाव तुम्हीच ठेवलंय. नारळबी तुम्हीच फोडला."

"अरे मग माझाबी उपवासच हे आज. मी करतोय ना काम?"

"कुठं करताय?" केरूनं खरोखरच विचारलं. त्याला टोमणा मारता येत नाही. शेजारच्या चार मशीनवरचे लोक पोट धरून बसले, आणि त्यामुळे आणखी चार मशीन थांबल्या.

लहानूभाऊंचा चेहरा लाल झाला. सहादूभाऊंनी डब्याचं झाकण उघडलं. खिचडी अजून गरम होती. तूप, जिरं, मिरची, कूट. पहाटेपासून चहावर असलेला माणूस.

"दोन तास द्या फोरमनसाहेब," ते म्हणाले. "तोवर तुम्ही बसा. म्हातारीला काय एवढी जात नाय."

अकरा महिने कागदानं जे झालं नाही ते अर्धा शेर साबुदाण्यानं झालं. लहानूभाऊ खोक्यावर बसून फराळ करत होते आणि फिटरनं धोंडाबाई उघडली. बघतात तर तेल जायची सगळी भोकं रंगानं बुजलेली. कधीतरी बडे पाहुणे येणार म्हणून मशीनला घाईघाईनं हिरवा रंग फासला होता, त्यात भोकंही रंगवून टाकली. अकरा महिने लोक वरून तेल ओतत होते आणि ते बाहेरून ओघळून जात होतं. आत थेंब नाही. तारेनं सगळी भोकं कोरून काढली, ग्रीस भरलं, ब्रेक आवळला. दुपारी मशीन चालू केली तेव्हा केरू म्हणाला, तिचा आवाज बदललाय. आधी शिव्या देत होती, आता नुसती बोलतेय.

दुसऱ्या दिवशी सहादूभाऊ रिकामा डबा घेऊन आमच्याकडे आले.

"वहिनी, धोंडाबाईनं निरोप दिलाय. मीठ थोडं कमी होतं."

"धोंडाबाईनं की फोरमननं?"

"आता ते एकच झालं. पुढची चतुर्थी कधी हे?"

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून सांगितली. दुसरीपर्यंत शिकले आहे मी, तिथी वाचता येते. ते दिनदर्शिकेपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माझा कागद तिथंच चुकला बघा. मी तारखा टाकत होतो. तारखेला कुणी मानत नाय, तिथीला समदे मानतात."

त्यांनी तो रंगीत कागद गुंडाळून माळ्यावर टाकला आणि दिनदर्शिका टांगली. धोंडाबाईकडूनच पत्र्याच्या गोल चकत्या पाडून घेतल्या, त्यांवर पांढऱ्या रंगानं 'आज उपवास' लिहिलं, भोक पाडून लाल दोरा ओवला. ज्या मशीनवर चकती, तिला हात लावायचा नाही. केरूच्या मशीनला चतुर्थी, कुणाच्या मशीनला गुरुवार, कुणाच्या मशीनला एकादशी. जो वार ऑपरेटरचा, तोच मशीनचा.

सलीम लेथवर होता. तो चकती हातात घेऊन आला. "जावईबापू, माझी लेथ साबुदाणा खात नाय. तिला जुम्मा लिहा."

"लिहितो. रोजाबी धरील का?"

"महिनाभर धरील, पण मग फोरमनसाहेबांना इफ्तारीला तुम्ही बोलवा."

सलीम शुक्रवारी दुपारी नमाजला जायचा तेवढ्यात त्याच्या लेथचं तेल बदलून व्हायचं. बुधा ग्राइंडरवर होता, तो पौर्णिमेला विहारात जायचा. त्यानं सांगितलं, "माझ्या मशीनला उपवास नको, पौर्णिमा लिहा. त्या दिवशी ती कुणाला दुखावणार नाय." सहादूभाऊंनी त्या चकतीवर 'आज पौर्णिमा' लिहिलं. असं करत करत कारखान्यातल्या बावीस मशीन धर्माला लागल्या.

त्यांची बोलीच तयार झाली. साधं तेलपाणी म्हणजे उपवास. मेन स्विच पाडून दिवसभर मशीन पूर्ण उघडायची म्हणजे निर्जळी. वेळेआधी कुणी मशीन चालू केली तर उपवास मोडला. आणि जे सुटे भाग लागणार असतील ते म्हणजे फराळाचं सामान. यात सहादूभाऊ फार कडक. सामान स्टोअरमध्ये येऊन पडल्याशिवाय चकती टांगायची नाही. "साबुदाणा भिजवला नाय आणि उपवास धरला, मग दुपारी बोंबलत हिंडायचं," असं ते साहेबांनासुद्धा सांगायचे.

मोठे साहेब नवीन आले होते तेव्हा एकदा फिरत फिरत ड्रिलपाशी आले. मशीन बंद, माणूस बाजूला उभा.

"हे का बंद आहे?"

"उपवास हे साहेब."

"तुमचा उपवास आहे तर मशीन का बंद?"

"मला नाय, तिला हे. मी जेवून आलोय."

साहेब तडक सहादूभाऊंच्या टेबलाशी गेले. तासभर आत होते. बाहेर आले ते ड्रिलकडे न बघता निघून गेले. कारण वर्षाचा हिशेब... म्हणजे मशीन किती वेळा मोडल्या ते सहादूभाऊंनी दाखवलं, आणि आधीच्या निम्म्यानं मोडल्या होत्या. साहेबांनी तसं मुंबईच्या मोठ्या ऑफिसला कळवलं. तिकडून पत्र आलं की ही 'उपवास' नावाची परदेशी पद्धत कुठल्या देशातली आहे, तिचं पुस्तक असल्यास दोन प्रती पाठवा. साहेबांनी काय पाठवलं मला माहीत नाही. सहादूभाऊ म्हणत होते, एक दिनदर्शिका पाठवली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, ते पंच्याऐंशी सालापर्यंत.

श्रावणात निम्मा कारखाना सोमवार धरायचा आणि संध्याकाळी लवकर घरी पळायचा, म्हणून सहादूभाऊंनी मोठ्या कामांसाठी श्रावणातले सोमवार ठेवले होते. धोंडाबाईची वर्षाची निर्जळी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. क्लचचं नवीन सामान पुण्याहून येऊन पडलं होतं. वर्षाचा बेत ते पाडव्यालाच करून ठेवायचे. पण यंदा पाडव्याला त्यांनी 'श्रावण' एवढंच वाचलं आणि लिहून टाकलं. त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. हे कुणाच्या लक्षात आलं तर लहानूभाऊंच्या, आणि तेही आदल्या शनिवारी.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभा भरली. लहानूभाऊ, सहादूभाऊ, केरू, आणि मागे बघायला म्हणून सलीम. मी भाजी निवडत होते.

"वहिनी, तुम्हीच सांगा," लहानूभाऊ म्हणाले. "श्रावणी सोमवार कोणत्या श्रावणात धरायचा?"

मी सहादूभाऊंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. "का हो? काय झालं?"

"पुढच्या महिन्यात उघडू म्हणतात मशीन," ते म्हणाले. "वहिनी, गेल्या आठवड्यात ती एकदा हलली. पेडलवर पाय नसताना."

"केरूला डुलकी लागली असंल," लहानूभाऊ म्हणाले.

"मी उभा होतो फोरमनसाहेब," केरू म्हणाला. "उभ्यानं मला झोप येत नाय."

"हे बघा, महिनाअखेरीला मोठा माल द्यायचाय. मी नाय म्हणत नाय. निज श्रावण येऊ द्या, पहिल्या सोमवारी खुशाल निर्जळी करा. नियम तुमचाच हे ना? तिथीचा? मग तिथीनं चला. वहिनी, बोला तुम्ही. कुठल्या श्रावणात?"

आता आली का पंचाईत. खोटं मला सांगता येईना, कारण गावात कुणालाही विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं. "श्रावणी सोमवार निजातले," मी म्हटलं. "अधिकात वाण द्यायचं, दान करायचं. व्रतं निजात."

"झालं," लहानूभाऊ उठले. ते उठले की ओट्यावर एकदम उजेड यायचा. सहादूभाऊ डाव्या हाताच्या अर्ध्या बोटावरून अंगठा फिरवत होते. केरू आपल्या हातांकडे बघत होता, जसं एखादं भांडं कुणाला उसनं द्यायचं असावं तसं.

मी मेथीची एक काडी मोडली. "लहानूभाऊ, बसा जरा. एक विचारायचं राहिलं. मशीनचं नाव धोंडाबाई कशावरून?"

"सगळ्यांना ठाऊक हे. धोंड्याच्या महिन्यात बसवली."

"नाव कुणी ठेवलं?"

"मी."

"म्हणजे ती अधिकात जन्मली. मग तिचा स्वतःचा महिना कोणता? बाकीच्या मशीनचा श्रावण निजातला, बरोबर. पण धोंडाबाईचा महिना धोंड्याचाच. तीन वर्षांनी एकदा येतो बिचारीचा, आणि तेव्हाही तुम्ही तिला राबवणार?"

सलीम मागून म्हणाला, "ये तो सही बात हे."

लहानूभाऊ परत बसले. मग म्हणाले, "वहिनी, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"मला पोथी वाचता येत नाही. तुम्हाला येते?"

"नाय."

"मग झालं तर."

त्यांनी केरूकडे पाहिलं. केरूनं बिचाऱ्यानं सवयीनं पंजे पुढे केले, दहा बोटं. लहानूभाऊ त्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना सायकलची ती दांडी आठवली असावी, असं मला आपलं वाटलं. "सोमवारी," ते म्हणाले. "पण खिचडी पाहिजे."

"सोमवारी फोरमनला चालते का अधिकातली खिचडी?" सलीमनं विचारलं.

"मला समदी चालते."

सोमवारी निर्जळी झाली. मेन स्विच पाडला, धोंडाबाई पूर्ण उघडली. क्लचमध्ये एक लोखंडी किल्ली असते, हाताएवढी, तीच मशीनला थांबवते. फिटरनं ती बाहेर ओढली तेव्हा अर्धी त्याच्या हातात आली आणि अर्धी आत राहिली. दोन दिवस चालली असती, चार दिवस चालली असती, महिना नक्कीच नाही. सहादूभाऊंनी ते दोन तुकडे फोरमनच्या टेबलावर ठेवले. नवीन किल्ली तयार होतीच, फराळाचं सामान.

लहानूभाऊंनी काय करावं? अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. त्यांनी स्टोअरमधून पितळेचं ताट मागवलं, त्यात तेहतीस नवे वायसर मोजून रचले, वर बत्ताशासारखा एक नट ठेवला, आणि सगळ्या कारखान्यासमोर सहादूभाऊंना वाण दिलं. "सासूकडून," म्हणाले. सहादूभाऊंनी ताट कपाळाला लावून घेतलं. संध्याकाळी त्यातले बत्तीस वायसर मशीनमध्ये बसवून टाकले. तेहतिसावा सुलाबाईनं देव्हाऱ्याच्या पायाखाली घातला, तो डुगडुगत होता.

अठ्ठ्याऐंशी साली मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहादूभाऊ रिटायर झाले. योगायोग बघा, ज्येष्ठ अधिक होता. कँटीनमध्ये समारंभ होता, घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून सुलाबाई मलाही घेऊन गेली. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब बोलले. मग लहानूभाऊ उठले. म्हणाले, "या माणसानं मला बारा वर्षं उपाशी ठेवलं," आणि पुढे बोलता येईना त्यांना, म्हणून खाली बसले. खुर्ची मोडली. लोकांना ते भाषणच वाटलं, टाळ्या झाल्या.

पेढे वाटेपर्यंत उत्सवमूर्ती गायब. सुलाबाई म्हणाली, "कुठं असणार, सासरी गेले असतील." आम्ही दोघी शोधत आत गेलो. मागून केरू, पेढा चघळत.

तेव्हा मी धोंडाबाईला पहिल्यांदा पाहिलं. हिरवी, माझ्या दीडपट उंच, पुढून जरा पोट सुटलेली. दारातून खरंच मावली नसती. मी पदर सारखा केला. इतकी वर्षं डबे पाठवले होते, ओळख असल्यासारखीच वाटली.

सहादूभाऊ शाल खांद्यावर तशीच ठेवून, बगलेत घड्याळ धरून चकतीचा लाल दोरा सोडवत होते. दुसऱ्या दिवशी तिची निर्जळी होती, अधिकातली.

"अहो, उद्यापासून तुम्ही नाही ना इथं," सुलाबाई म्हणाली.

"उद्याची चकती आजच टांगायची असते." त्यांनी ती मुठीला अडकवली, वाकडी लटकली म्हणून सरळ केली. स्टोअरमध्ये सामान आलंय का ते फिटरला विचारलं. आलंय, म्हणाला. दोनदा विचारलं. मग केरूकडे वळले.

"दाखव."

केरूनं पंजे पुढे केले.

"नऊ," सहादूभाऊ म्हणाले.

"पेढा धरलाय दादा अंगठ्यात."

"खा तो आधी."

केरूनं पेढा तोंडात टाकला, हात पँटला पुसले, परत पुढे केले. त्यांनी एकेका बोटावरून नजर फिरवली, रोजच्यासारखी, घाई न करता.

"दहा," म्हणाले, घड्याळ कॅरिअरला बांधलं आणि सायकल काढली.